गुरुवारची मेबल

उल्हास रामटेके कुत्र्यांना घाबरायचे. हे साधंसुधं घाबरणं नव्हतं. समोरून कुणी कुत्रं घेऊन येताना दिसलं की ते रस्ता ओलांडत, आणि ओलांडायला जागा नसली तर कुणाच्या तरी फाटकाशी थांबून मोबाइल कानाला लावत, पलीकडे कुणी नसलं तरी ‘येस, येस’ म्हणत. इंग्लंडातल्या मेडनहेडमध्ये दर तिसऱ्या घरात कुत्रं, आणि रविवारी सगळं गाव कुत्री घेऊन नदीकाठी. अशा गावात या माणसाने तेरा वर्षं काढली होती, आणि ब्रॅकनेलच्या ऑफिसात कुणाला त्याचा पत्ता लागला नव्हता. ठाऊक होतं ते फक्त त्यांच्या बायकोला, निवेदिताला.

“तुमच्यापायी बावीस वर्षं कुत्रं पाळलं नाही मी,” ती म्हणायची. “नागपूरला आमच्या दारात चार-चार असायची.”

“मग राहायचं होतं नागपूरलाच,” ते म्हणायचे, आणि ती हसायची.

२००३ सालच्या मे महिन्यात निवेदिताला ओव्हरीचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, किमो झाली, केस गेले. ती एका प्रायमरी शाळेत टीचिंग असिस्टंट होती. तिथल्या पोरांनी रंगवलेली कार्डं घरभर लागली. सप्टेंबरात डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं आणि बोलायच्या आधी आपली खुर्ची जरा पुढे ओढून घेतली. त्या खुर्ची ओढण्यावरूनच उल्हासरावांना काय ते कळलं. लेक अक्षया लेस्टरला युनिव्हर्सिटीत नुकतीच दाखल झाली होती. तिने शिक्षण सोडून घरी यायचं म्हटलं तेव्हा निवेदिताने तिला फोनवर असं झापलं की आजारी कोण तेच कळेना.

ऑक्टोबरच्या अखेरीस निवेदिताला हॉस्पिसमध्ये, शेवटच्या दिवसांतल्या आजाऱ्यांच्या शुश्रूषागृहात, हलवलं. एकमजली विटांची इमारत, मागे बाग, झाडांना पक्ष्यांसाठी दाण्यांच्या जाळ्या टांगलेल्या. चार नंबरच्या खोलीतून ती बाग दिसायची. तिथे घाई कुणालाच नव्हती, आणि त्याचीच उल्हासरावांना धास्ती वाटायची.

दर गुरुवारी अडीच वाजता तिथे डॉरीन नावाची बाई कुत्री घेऊन यायची. डॉरीन सत्तरी ओलांडलेली, सगळी नोकरी पोस्टात काढलेली, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. कुत्रीचं नाव मेबल. ती ग्रेहाउंड होती, शर्यतीच्या जातीची: उंच, सडपातळ, बरगड्या मोजता याव्यात अशी, आणि कानाच्या आतल्या बाजूला शर्यतीच्या दिवसांतला हिरवा गोंदलेला नंबर. चार वर्षांची होईपर्यंत ट्रॅकवर पळाली, मग मालकाला नकोशी झाली, तेव्हा डॉरीनने तिला घरी आणली. आता पिवळं जॅकेट घालून ती आजाऱ्यांच्या खोल्यांतून फिरायची. काम असं काहीच नव्हतं. जवळ जायचं, आणि अंग टेकवून उभं राहायचं. या जातीच्या कुत्र्यांना बसणं जरा अवघड जातं, म्हणून ती उभ्या उभ्याच माणसाला टेकतात. मेबल पलंगाला टेकायची, हात खाली सोडलेला असला की हाताला टेकायची.

“या मेबलबाई, या,” निवेदिता मराठीतून म्हणायची. “उशीर केलात आज. या, अशा इकडे या.”

डॉरीनला एक शब्द कळत नसे, पण ‘मेबलबाई’ तिला फार आवडलं होतं. तीही तसंच म्हणायला लागली होती.

आणि अडीचला पाच कमी असताना उल्हासराव न चुकता उठायचे. कोट घालायचे. कार पार्कमध्ये जाऊन गाडीत बसायचे, आणि डॉरीनची लाल छोटी गाडी फाटकाबाहेर गेली की परत आत यायचे. निवेदिताने कधी चिडवलं नाही. नोव्हेंबरातल्या तिसऱ्या गुरुवारी ती फक्त म्हणाली, “जा. जरा पाठ टेका गाडीत. दोन रात्री झोपला नाहीत. मेबल आहे ना माझ्याजवळ.”

डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं, अजून आठवडा, कदाचित दहा दिवस. उल्हासराव गाडीत गेले, सीट मागे केली, हीटर लावला आणि त्यांना झोप लागली.

काचेवर टकटक झाली तेव्हा सव्वातीन वाजले होते. नर्स बाहेर पावसात उभी होती, डोक्यावर काही न घेता.

ते आत गेले तेव्हा डॉरीन पलंगाच्या पायथ्याशी हातात टोपी धरून उभी होती. मेबल पलंगाला टेकून उभी होती आणि निवेदिताचा हात तिच्या मानेवर होता. तो हात उचलायचा तर कुत्रीजवळ जायला हवं. बावीस वर्षांचा संसार, आणि उल्हासराव दारातून पुढे सरकू शकले नाहीत. डॉरीनच्या ते लक्षात आलं. तिने हलकेच तो हात उचलून चादरीवर ठेवला, मेबलला घेऊन बाहेर गेली, आणि मग ते आपल्या बायकोजवळ गेले.

स्लाउच्या क्रिमेटोरियममध्ये लेस्टरच्या विहारातून आलेल्या बबनरावांनी त्रिशरण-पंचशील घेतलं. पांढऱ्या कपड्यांतली चाळीसेक माणसं होती, आणि मागच्या रांगेत पांढरं काही न सापडल्याने फिकट निळा कोट घालून आलेली डॉरीन होती. अक्षयाने तिला मिठी मारली. उल्हासरावांनी नमस्कार केला.

पण एक गोष्ट त्यांना खाऊ लागली. ऑफिसात, ट्रेनमध्ये, घरी दिवाणखान्यात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंसमोर मेणबत्ती लावताना. शेवटची चाळीस मिनिटं निवेदिता जागी होती की नव्हती? काही बोलली का? आपण विचारलंच नाही. जानेवारीत त्यांनी हॉस्पिसला फोन केला. तिथल्या बाईंनी डॉरीनचा पत्ता दिला नाही, तसा नियम नव्हता. पण निरोप देते म्हणाल्या. दोन दिवसांनी डॉरीनचाच फोन आला.

तिचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, बैठं. उल्हासराव फाटकाबाहेरूनच म्हणाले, “एक विनंती होती. तुमची कुत्री दुसऱ्या खोलीत ठेवता येईल का?”

डॉरीनने मेबलला स्वयंपाकघरात बंद केलं. चहा आधीच करून ठेवला होता. उल्हासरावांनी कपाला हातही न लावता विचारलं, “माझी बायको शेवटी काही बोलली का?”

डॉरीनने आपला कप बशीत ठेवला. मग म्हणाली, “बोलली. तीन-चार मिनिटं. मेबलशी बोलत होती, तुमच्या भाषेत. नेहमी बोलायची तशीच, त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही. मध्ये थांबली. मला वाटलं, दमली. मग मला तिचा श्वास वेगळा वाटला, म्हणून मी बेल दाबली. तुम्हाला आधी बोलवायला हवं होतं मी. त्या दिवसापासून हेच डोक्यात आहे माझ्या. बेल दाबायच्या आधी तुमच्याकडे पळायला हवं होतं.”

“काय बोलली?”

“मला कसं कळणार, लव्ह?”

“एखादा शब्द?”

डॉरीनने डोळे मिटले. ओठ हलवून पाहिले. “एक शब्द पुन्हा पुन्हा होता. येई... येईन... येईल... असं काहीतरी.”

उल्हासराव खुर्चीत पुढे झाले. “येईल की येईन? नीट आठवा. शेवटी ल होता की न?”

“त्यात फरक असतो का?”

“येईल म्हणजे दुसरं कुणी येईल. येईन म्हणजे मी येईन.”

डॉरीनने दोन्ही शब्द म्हणून पाहिले. इंग्रज जिभेवर ते एकसारखेच उमटत होते. तिने तीनदा, चारदा प्रयत्न केला, आणि मग म्हातारीच्या डोळ्यांत पाणीच आलं. “मी खोटं सांगणार नाही. मला नाही आठवत.”

एवढ्यात स्वयंपाकघराचं दार नाकाने ढकलून मेबल बाहेर आली. ते नीट लागतच नव्हतं. उल्हासराव उठून उभे राहिले, पण मागे भिंत होती. मेबल सरळ आली, त्यांच्या मांडीला अंग लावलं, आणि आपला सगळा भार त्यांच्यावर टाकून उभी राहिली. त्यांच्या कपाळावर घाम आला. डॉरीन उठायला लागली तेव्हा त्यांनी हातानेच तिला थांबवलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कुत्रीचं अंग गरम होतं आणि श्वासाबरोबर बरगड्या हलत होत्या. निवेदिताचा हात शेवटी इथेच कुठेतरी होता, एवढंच त्यांच्या मनात आलं. पाच मिनिटांनी ते “थँक यू” म्हणाले आणि निघून गेले.

पुढच्या शनिवारी ते परत गेले. त्या वेळी निवेदिताचा चेहरा कसा होता, हे विचारायचं राहिलं होतं. त्यानंतरच्या शनिवारी, तिला दुखत होतं का, हे. मग विचारायला काही उरलं नाही तरी जात राहिले. डॉरीन म्हणाली, मला मेबलला फिरवायचंच असतं, चला बरोबर. नदीकाठच्या पायवाटेने ते निघत. आधी मेबल एका बाजूला, मध्ये डॉरीन, पलीकडे उल्हासराव. मार्चपर्यंत हीच रचना.

अशाच एका फेरीत डॉरीनने विचारलं, “तुम्हाला कधी चावलं होतं का?”

“चावलं होतं. नऊ वर्षांचा होतो.”

“भटकं कुत्रं?”

“नाही, पाळलेलं.” मग त्यांनी सांगितलं. पवनीजवळचं त्यांचं गाव. शाळेची वाट मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, घरावरून जायची. दुसऱ्या वाटेने गेलं तर ओढा लागायचा, आणि त्या दिवशी ओढ्याला पाणी होतं. मालगुजाराचा भाऊ ओसरीवर पान लावत बसला होता. त्याने मान वर करून पोराकडे पाहिलं, कोणाचं पोर ते ओळखलं, आणि बांधलेल्या कुत्र्याची साखळी सोडून म्हणाला, छू.

“छू म्हणजे?” डॉरीनने विचारलं.

“कुत्रं अंगावर सोडताना म्हणतात.”

“तुम्ही काय केलं होतं?”

“चालत होतो. पाटी घेऊन.” उल्हासरावांनी डाव्या पोटरीकडे बोट दाखवलं. “इथे. बापाने सायकलवरून तालुक्याला नेलं. पोटात चौदा इंजेक्शनं. रोज एक. ओसरीवर तिघं-चौघं बसलेले होते. हसत होते. ते मला अजून ऐकू येतं.”

डॉरीन थांबली. तिला काहीतरी बोलायचं होतं आणि चुकीचंच तोंडातून गेलं. “त्या कुत्र्याचा दोष नव्हता.”

“मला माहीत आहे,” उल्हासराव जरा जोरानेच म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “माहीत होतं, म्हणूनच भीती कुत्र्याची धरली. माणसांची धरली असती तर त्या गावात जगता आलं नसतं. शाळेत तर नक्कीच गेलो नसतो.”

हे त्यांनी निवेदितालासुद्धा पूर्ण सांगितलं नव्हतं. कुत्रं चावलं आणि इंजेक्शनं घेतली, एवढंच तिला ठाऊक होतं. ‘छू’ तिला कधी सांगितलं नाही. परक्या बाईला, परक्या भाषेत सांगून झालं, आणि घरी आल्यावर आपण ते तिच्यापासून का लपवलं याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी ते जेवलेच नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात डॉरीनचा खुब्याचा सांधा ऑपरेशन करून बदलला. सहा आठवडे तिला मेबलला फिरवता येणार नव्हतं. शेजारीण तयार होती, पण तिच्याकडे मांजरं, आणि ग्रेहाउंडपुढे मांजर म्हणजे पंचाईत. “मी नेतो,” उल्हासराव म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच दचकले.

सहा आठवड्यांचे पुढे कायमचे झाले. डॉरीनला आता काठी लागली. मेबल आठवडाभर उल्हासरावांकडे राही, रविवारी डॉरीनकडे. ते घरी भाकरी करायला शिकले होते. जाड, कडा फाटलेली, पण भाकरी. मेबलची उंची अशी की ओट्यावरची भाकरी तिला मान वर न करताच मिळायची. ती चोरते हे त्यांना चौथ्या दिवशी कळलं, आणि मग ते मोजून एक जास्त करू लागले.

अक्षया सुट्टीत घरी आली तेव्हा सोफ्यावर पसरलेली मेबल बघून दारातच थांबली.

“बाबा, ही माझा जागेवर झोपली आहे!”

“सरकव तिला.”

“तुम्ही आणि डॉग. आय कान्ट बिलीव्ह इट.” ती मेबलशेजारी जमिनीवर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, “आई असता तर किती हसला असता.”

निवेदिता तिला हटकून दुरुस्त करायची: असती, हसली असती. म्हण परत. उल्हासरावांच्या ओठांवर ते शब्द येऊन तिथेच थांबले. अक्षयालाही तिची चूक कळली असावी, कारण तिने चेहरा मेबलच्या पाठीत खुपसला आणि बराच वेळ वर केला नाही.

डॉरीनऐवजी हॉस्पिसमध्ये मेबलला घेऊन जायचं तर त्यांना रीतसर व्हॉलंटियर व्हावं लागणार होतं. जवळचं माणूस तिथे गेलेलं असेल तर निदान वर्ष जाऊ द्यावं, असा तिथला दंडक होता. वर्ष कधीच उलटून गेलं होतं. तरी तिथल्या बाईंनी विचारलं, “मिस्टर रामटेके, तुम्हाला जमेल का? चार नंबरची खोली आहे तशीच आहे.” त्यांना खरं उत्तर ठाऊक नव्हतं. जमेल म्हणाले. मग परीक्षा झाली: एक बाई आली, तिने मेबलचे कान ओढून पाहिले, पंजे दाबले, पाठीमागे स्टीलची ताटली आपटली. मेबलने जांभई दिली. दचकले ते उल्हासराव. बाईंनी हसून फॉर्मवर सही केली.

२००५च्या एप्रिलपासून त्यांचे गुरुवार सुरू झाले. ऑफिसला त्यांनी त्या दिवशी अर्धी सुट्टी मागून घेतली. पहिल्या गुरुवारी चार नंबरमध्ये एक तरुण बाई होती, दोन मुलांची आई. मेबल आत गेली. उल्हासराव दाराच्या चौकटीशी थांबले, पट्टा लांब सोडून. त्यापुढच्या गुरुवारी खुर्चीपर्यंत गेले. तिसऱ्या गुरुवारी तिथे दुसरंच कुणी होतं.

हे काम असंच होतं. नाव पाठ होईपर्यंत माणूस जायचं. उल्हासराव फार बोलायचे नाहीत. हाताला औषधी जेल लावायचं, पलंगावर स्वच्छ कापड अंथरायचं, मेबलला पुढे करायचं. लोक मेबलशी बोलायचे. मुलांना न सांगितलेलं तिला सांगायचे. उल्हासराव खिडकीबाहेर बघत ऐकायचे, आणि ऐकलेलं तिथेच ठेवून यायचे.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तिथे आयरिस नावाच्या बाई होत्या. त्यांचा नवरा केन, निवृत्त प्लंबर, दणकट माणूस. उल्हासराव आले की केन उठायचा. “मी जरा गाडीत बसतो,” म्हणायचा. त्याला कुत्र्याचं काही नव्हतं, जाता जाता तो मेबलचे कान कुरवाळायचा. त्याला फक्त खोलीतून निघायला कारण हवं असायचं. उल्हासरावांना ते पहिल्याच दिवशी कळलं, आणि दर गुरुवारी तो कोट घालायला लागला की ते मेबलचं जॅकेट उगाच नीट करत बसायचे.

बँक हॉलिडेच्या, म्हणजे सोमवारच्या सार्वजनिक सुट्टीच्या, आठवड्यातला गुरुवार. आयरिसबाईंचा रंग वेगळा दिसत होता. श्वास येई, थांबे, मग परत येई. एव्हाना उल्हासरावांना त्यातलं कळू लागलं होतं. त्यांनी बेल दाबली. नर्स आल्यावर मेबलला तिच्यापाशी सोडून, चौपन्न वर्षांचा तो माणूस कॉरिडॉरमधून धावत कार पार्कमध्ये गेला.

केन गाडीत सँडविच खात होता.

“केन, चल. आत्ता.”

केनने त्यांच्याकडे पाहिलं आणि सँडविच डॅशबोर्डवर ठेवलं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. “तू आहेस ना तिच्याजवळ.”

“मी नको आहे तिला. केन, नंतर तुला...”

“माझ्याने होणार नाही, मेट.” त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. “मी बघू शकत नाही. जा तू. प्लीज, तू जा.”

उल्हासरावांपाशी सांगायला पुष्कळ होतं. पावणेतीन वर्षं ते तेच स्वतःला सांगत आले होते. पण गाडीतल्या त्या माणसाचे हात बघितले आणि त्यांनी काहीच सांगितलं नाही. वेळही नव्हता. ते तसेच उलट धावत आत आले, आयरिसबाईंच्या उशाशी बसले, आणि आजवर कुणाच्या पलंगाजवळ नेला नव्हता इतका जवळ कान नेला. जे काही येईल ते चुकवायचं नाही, एक शब्दही नाही.

आयरिसबाईंनी डोळे उघडले. मेबलचं नाक त्यांच्या कोपराशी होतं. “केनला सांगा,” त्या म्हणाल्या.

“हो. काय सांगू?”

“कचऱ्याचे डबे उद्या. आज नाही. बँक हॉलिडे होता ना, गाडी उशिरा.” मग बऱ्याच वेळाने, “ब्राउनवाला डबा.”

उल्हासरावांनी ते खिशातल्या पेनाने तळहातावर लिहून घेतलं. आणखी काही येईल म्हणून ते तसेच वाकून राहिले. आलं नाही. तीन वाजून दहा मिनिटांनी सगळं थांबलं.

केन दाराशी आला तेव्हा उल्हासरावांनी त्याला बाजूच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं. शब्दाला शब्द, वर-खाली न करता. तळहात उघडून दाखवला.

“उद्या?” केन म्हणाला.

“उद्या. ब्राउन.”

केन हसायला लागला. हसता हसता त्याने तोंडावर दोन्ही हात धरले, आणि मग ते हसणं राहिलं नाही. उल्हासराव शेजारी बसून राहिले. मेबल आली आणि केनच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली.

गाडी चालवत घरी येताना त्यांच्या मनात आलं, त्या आठवड्यात आपल्या घरचा बॉयलर तपासायला माणूस यायचा होता. निवेदिताने दोनदा आठवण करून दिली होती. ‘येईल’ हे तेच असेल? शेवटचे शब्द बॉयलरवाल्याबद्दल? असतीलही. किंवा अक्षया संध्याकाळच्या ट्रेनने येणार होती, ती येईल. किंवा मुळात ‘येईन’च असेल. आता कळायचा मार्ग नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना वाटलं की तिने काहीही म्हटलेलं असो, ते ऐकायला आपण हवे होतो, एवढंच खरं दुःख आहे. आणि ते शब्द कळले असते तरी ते कमी झालं नसतं.

२००७च्या वसंतात मेबल पुढचा उजवा पाय उचलून चालायला लागली. व्हेटने, जनावरांच्या डॉक्टरने, एक्स-रे काढला. हाडाचा कॅन्सर, या जातीत फार होतो म्हणाला. अकरा वर्षांच्या कुत्रीचा पाय कापायला कुणी सांगत नव्हतं. गोळ्यांवर मे महिना निघाला. जूनमध्ये ती सोफ्यावर चढेना. व्हेटला डॉरीनच्या घरी बोलवायचं ठरलं, कारण डॉरीनला आता बाहेर पडवत नव्हतं.

मेबल अंगणातल्या उन्हात पडली होती. डॉरीन खुर्चीत. अक्षया रजा टाकून लेस्टरहून आली होती, तिथेच एका फार्मसीत ती आता काम करत होती. उल्हासराव गवतावर बसले आणि मेबलचं डोकं मांडीवर घेतलं. व्हेटने पुढच्या पायावरचे थोडे केस काढले.

“तुम्हाला आत जायचं असेल तर जा,” तो म्हणाला. “बरेच जण जातात.”

“नाही,” उल्हासराव म्हणाले.

सुई गेली. मेबलने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. ते तिच्याशी मराठीत बोलत होते, काय ते अक्षयालाही नीट ऐकू आलं नाही. मांडीवरचा भार वाढत गेला. व्हेटने स्टेथोस्कोप लावून मान हलवली, तरी ते बोलतच होते. शेवटी डॉरीनने काठीने त्यांच्या खांद्याला हलकेच स्पर्श केला.

पुढच्या गुरुवारी ते पिवळं जॅकेट परत द्यायला हॉस्पिसमध्ये गेले. बाईंनी दुसऱ्या कुत्र्याचा विषय काढला. ते नको म्हणाले, निदान आत्ता नको. निघताना दोन नंबरच्या खोलीतून हाक आली. आत टेरी होता, पन्नाशीचा इलेक्ट्रिशियन. गेले काही गुरुवार त्याच्याकडे त्यांचं जाणं झालं होतं. मेबल लंगडत का होईना, यायची.

“म्हातारी कुठे आज?” टेरीने विचारलं.

इथे खोटं बोलायचं नाही असं त्यांनी मागेच ठरवलं होतं. “गेली. सोमवारी.”

टेरी छताकडे बघत राहिला. “माझ्याआधी,” तो म्हणाला. मग, “दुखलं का तिला?”

“नाही. माझ्या मांडीवर होती.”

“बस ना. कुत्रं नाही म्हणून लगेच निघालास?”

उल्हासराव बसले. हातात पट्टा नाही, कापड नाही. हात कुठे ठेवावेत तेच त्यांना कळेना. टेरी म्हणाला, “ती रेसवाली होती ना? तू तिला पळताना पाहिलंस कधी?”

“एकदाच.”

“सांग.”

मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षांमागची जानेवारीची सकाळ, गवतावर दहिवर गोठलेलं, मैदानात चिटपाखरू नव्हतं. त्यांनी पट्टा सोडला, तेव्हा ती नेहमीप्रमाणे रमतगमत चालेल असं वाटलं होतं. ती थांबली, मान वर केली, आणि अचानक निघाली. पुढे ससा नव्हता, मागे कुणी नव्हतं. मैदानाला पूर्ण गोल फेरी, जमिनीला पाय लागतात की नाही असं. “मी असा उभा होतो,” ते म्हणाले, “आणि ती माझ्या अंगावर येत होती, पूर्ण वेगाने. इतकं मोठं जनावर. मला वाटलं, आता पळावं.”

“पळालास?”

“नाही. ती माझ्या बाजूने गेली. वारा लागला नुसता. मग आणखी एक फेरी, मग आली आणि उभी राहिली. दोन दिवस लंगडत होती त्यानंतर. मी डॉरीनला सांगितलंच नाही, ती रागावली असती.”

टेरी हसला. डोळे मिटून म्हणाला, “पुढे?”

पुढे तसं काही नव्हतं. पण उल्हासराव सांगत राहिले: मैदान केवढं होतं, धुकं कुठून उतरत होतं, तिच्या पावलांचे ठसे गोठलेल्या गवतात कसे हिरवे उमटले होते. टेरीचा श्वास संथ झाला, झोप लागली असावी. बाहेर ट्रॉलीचा आवाज झाला. नर्स डोकावली, त्यांना बघून परत गेली. ते बोलायचे थांबले, पण उठले नाहीत. चार वाजेपर्यंत तिथेच बसून राहिले.